आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आपल्याकडे आहे. देशाच्या खनिज तेलाविषयी गेली पस्तीस वर्षे दिल्लीतील पंडित आपल्याला हीच म्हण आकडेवारीच्या भाषेत ऐकवीत आले आहेत. भारताच्या भूमीत तेल थोडे, समुद्रातील संपत आलेले, तेव्हा ते परदेशांतून विकत आणण्यावाचून गत्यंतर नाही, हा त्यांच्या निरूपणाचा मथितार्थ. ऐकणाराही मान डोलावतो, कारण पेट्रोलपंपावर पैसे मोजण्यापलीकडे या विषयाशी आपला काही संबंध नाही अशी त्याची समजूत करून देण्यात आली आहे.

वस्तुस्थिती काय आहे? मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातून १९८९ मध्ये दिवसाला ४ लाख ७१ हजार पिंपे तेल निघत होते. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा १ लाख ३४ हजारांवर आला. म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. पण याच क्षेत्रात अद्याप सुमारे ८ कोटी टन तेल आणि ४,००० कोटी घनमीटरहून अधिक वायू काढता येण्याजोगा शिल्लक आहे, असा खुद्द ओएनजीसीचाच अंदाज आहे. तेव्हा प्रश्न आड कोरडा असण्याचा नाही. प्रश्न आहे तो पोहऱ्याचा, दोराचा आणि दोर ओढणाऱ्या हातांमागील इच्छाशक्तीचा.

धाराशिवचा शेतकरी काय करतो?

हा विषय धाराशिवसारख्या जिल्ह्यातून का मांडावा, असे कोणी विचारील. आमच्याकडे तेलाची विहीर नाही आणि ती सापडण्याचा संभवही नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या सीमेवर किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी खोल विवर घेतले, तेव्हा सुमारे ३४० मीटर काळ्या पाषाणाखाली गाळाच्या खडकाचा जेमतेम काही मीटरांचा थर लागला आणि त्याखाली थेट पुराणकालीन ग्रॅनाइट. तेल साठते ते गाळाच्या जाड थरांत. ते भाग्य आमच्या भूमीला लाभलेले नाही.

परंतु विहिरीचे दुखणे काय असते, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत गेली पन्नास वर्षे माणसे पाण्यामागे जमिनीत उतरत आहेत. विहिरीचे पाणी कमी झाले की दोन प्रकारचे शेतकरी दिसतात. पहिला धीर सोडतो. नारळ हातात घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतो, तो बोट दाखवील तेथे बोअर मारतो, पाचशे फुटांवर धूळ उडाली की सातशेपर्यंत जातो, कर्ज काढतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी जागा शोधतो. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विंधनविहिरींना मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने केला, तो याच हव्यासाला आवर घालण्यासाठी.

दुसरा शेतकरी आधी आपल्या जुन्या विहिरीला प्रश्न विचारतो. मोटार लावून पाणी उपसतो, मग मोटार बंद करून किती तासांत किती हात पाणी चढते ते मोजतो. झरे जिवंत आहेत की गाळाने बुजले आहेत, हे त्यावरून त्याला कळते. गाळ काढतो, बुजलेले झरे मोकळे करतो, कपारीची दिशा पाहून आडवे बोअर घेतो आणि पावसाळ्यात ओढ्याचे पाणी गाळून विहिरीत सोडतो. पाच अश्वशक्तीच्या विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटार तो बसवीत नाही. हा शेतकरी फारसा शिकलेला नसेल, पण विहीर ही लुटण्याची वस्तू नसून सांभाळण्याची ठेव आहे, हे शहाणपण त्याच्यापाशी आहे.

सागरतळाच्या विहिरीचे शास्त्र तत्त्वतः यापेक्षा वेगळे नाही. आणि आपल्या देशाने तेलाच्या बाबतीत दीर्घकाळ पहिल्या शेतकऱ्याचा मार्ग धरला, हेच आमचे म्हणणे आहे.

अभिमानाचा आरंभ

आज ज्यांना स्वदेशी हा शब्द जुनाट वाटतो, त्यांनी मुंबई हायचा इतिहास एकदा वाचावा. स्वातंत्र्याच्या वेळी भारतातील तेलाचा व्यापार बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (पुढची एस्सो) आणि कालटेक्स या परकीय कंपन्यांच्या मुठीत होता. १९६० मध्ये सोव्हिएत रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले, तेव्हा भारतातील आपल्या शुद्धीकरण कारखान्यांत ते शुद्ध करण्यास या कंपन्यांनी चक्क नकार दिला. भूमी आपली, कारखाना आपल्या किनाऱ्यावर, ग्राहकही आपलाच, पण निर्णय लंडन आणि न्यूयॉर्कचा!

या परिस्थितीत १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. त्यामागे केशवदेव मालवीय यांची जिद्द होती. ते काँग्रेसचे मंत्री होते, त्यांची डावी मतेही आम्हाला मान्य होण्याजोगी नव्हती. पण देशाच्या तेलावर देशाची सत्ता असावी यासाठी त्यांनी जे केले, त्याचे श्रेय नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. १९५८ मध्ये खंबातला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. साठच्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून भारतीय आणि रशियन तंत्रज्ञांनी मिळून अरबी समुद्राचा तळ तपासला. पुढे जपानमध्ये बांधून घेतलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने १९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुंबई हायच्या पहिल्या विहिरीत तेल गाठले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. त्या ‘सागर सम्राट’चे चित्र आजही एक रुपयाच्या नोटेवर आहे.

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट केले होते. त्या अंधारात मुंबई हाय हा देशाला मिळालेला दिवा होता. आणि तो तेवत ठेवणाऱ्यांनी मोलही मोजले आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला लागलेल्या आगीत २२ जणांचे प्राण गेले. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात तेथील कामावरचा पी-३०५ हा तराफा बुडाला आणि कित्येक कामगार समुद्राने गिळले. आपल्या घरातील गॅसच्या शेगडीमागे ही माणसे उभी असतात.

हव्यासाचे दशक

मग हा दिवा मंदावला कसा? मुंबई हायचे तेल मुख्यतः चुनखडकाच्या थरांत आहे. अशा खडकात तेल, वायू आणि पाणी एकमेकांच्या शेजारी दाबाखाली राहतात. तो दाब हेच तेलाला वर आणणारे बळ. उपसा बेताने केला आणि काढलेल्या तेलाच्या जागी वेळेवर पाणी भरले, तर दाब टिकतो. अधाशीपणाने ओढले की खालून पाणी आणि वरून वायू विहिरीच्या तोंडाशी धाव घेतात, मधले तेल खडकाच्या छिद्रांतच अडकून पडते. एकदा अडकलेले तेल पुन्हा मोकळे करणे कठीण असते आणि खर्चाचेही.

येथे उपसा सुरू झाला १९७६ मध्ये आणि दाब टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी भरण्यास प्रारंभ झाला तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. परकीय चलनाची चणचण, निवडणुकांचे गणित आणि संसदेत मिरविण्यासाठी हवे असलेले वाढते आकडे यांच्या दडपणाखाली उत्पादन चढत गेले. १९८९-९० मध्ये देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन ३.४ कोटी टनांवर गेले आणि लगोलग कोसळले. १९९२-९३ मध्ये ते २.७ कोटी टनांपर्यंत खाली आले. दाब सावरण्यासाठी कित्येक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या.

वाचकांनी या वर्षांकडे लक्ष द्यावे. याच काळात आखाती युद्धाने तेलाचे भाव भडकले, गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये भारताला सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण टाकावे लागले. त्या मानहानीची कारणे अनेक होती हे मान्य. पण ज्या वेळी घरच्या विहिरीने हात द्यायचा, नेमक्या त्याच वेळी ती आजारी होती. ती आजारी पडली निसर्गाच्या कोपाने नव्हे, तर राज्यकर्त्यांच्या घाईने.

शोधले आपण, दिले त्यांना

आजारी विहिरीवर उपचार करायचे की तिचा व्यवहार करायचा? नव्वदच्या दशकातील उत्तर सर्वश्रुत आहे. पन्ना, मुक्ता आणि ताप्ती ही ओएनजीसीने शोधलेली क्षेत्रे. १९९४ च्या डिसेंबरमध्ये नरसिंह राव सरकारने ती एन्रॉन आणि रिलायन्स यांच्याबरोबरच्या संयुक्त उपक्रमाकडे सोपविली. या कंपन्यांचा वाटा प्रत्येकी ३० टक्के, शोधणाऱ्या ओएनजीसीचा ४० टक्के. दाभोळच्या विजेने महाराष्ट्राला ज्या एन्रॉनची ओळख करून दिली, तीच ही कंपनी. २००१ च्या अखेरीस तिचे दिवाळे वाजले. मग तिचा वाटा ब्रिटिश गॅसकडे आणि तेथून शेलकडे गेला. पंचवीस वर्षांचा करार डिसेंबर २०१९ मध्ये संपला, तेव्हा पन्ना-मुक्ता ओएनजीसीच्या पदरात परत आले. ऐन तारुण्य दुसऱ्याच्या घरी आणि म्हातारपण आपल्याकडे, असा हा न्याय.

रत्ना क्षेत्राची कथा तर याहून करुण आहे. मुंबईच्या नैर्ऋत्येस सुमारे १३० किलोमीटरवरील हे क्षेत्रही ओएनजीसीनेच शोधले होते. १९९६ मध्ये ते एस्सार आणि प्रीमियर ऑइल यांच्या गटाला देण्याचे ठरले. पण कराराचा कागद काही केल्या पुरा होईना. एक वर्ष नाही, दोन नाही, तब्बल वीस वर्षे! या वीस वर्षांत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, आपल्या विचारांचेही एक येऊन गेले. भाव दहा डॉलरवरून शंभरापलीकडे गेले. रत्नाचे तेल जागचे हलले नाही. अखेर मार्च २०१६ मध्ये मोदी सरकारने तो घोळ निकालात काढून क्षेत्र ओएनजीसीला परत दिले. देर आये दुरुस्त आये, हे खरे. पण वाया गेलेल्या वीस वर्षांचा हिशेब कोणी मागितला आहे काय?

विहिरीची नाडी

तेलक्षेत्राच्या बोलीत क्षमतेहून कमी देणाऱ्या विहिरीला आजारी विहीर असेच म्हणतात. आजार म्हटला की आधी निदान आले. चाचणीच्या वेळी विहीर ठरावीक वेगाने चालू ठेवतात, तेल, वायू आणि पाणी वेगळे करून मोजतात, मग ती बंद करून तळाशी सोडलेल्या दाबमापकावर दाब किती वेगाने चढतो ते पाहतात. धाराशिवचा शेतकरी मोटार बंद करून पाणी चढण्याचे तास मोजतो, त्याचेच हे प्रगत रूप. दाब झपाट्याने चढला आणि तरीही विहीर कमी देत असली, तर खडक निरोगी असून दोष विहिरीच्या तोंडाशी आहे. दाब मुळातच खचलेला असला, तर दुखणे साठ्यात आहे.

निदानाप्रमाणे उपचार. तोंडाशी कचरा साचला असेल, तर आम्ल सोडून चुनखडक मोकळा करतात. ज्या थरातून पाणी शिरते तो सिमेंटने बुजवितात. तेल उचलण्यासाठी नळीत वायू सोडणाऱ्या झडपा बिघडल्या असतील, तर त्या बदलतात. विहिरीभोवतीचे तेल संपले असेल, तर तिच्याच पोटातून आडवी शाखा काढून अस्पर्श भागात शिरतात. साठ्याचा दाब खचला असेल, तर पाणी, वायू किंवा पाणी घट्ट करणारी रसायने भरतात. जगातील तेलक्षेत्रांतून सरासरीने साठ्याच्या एक तृतीयांशाच्या आसपासच तेल बाहेर येते. उरलेले मागे राहते ते बहुधा माणसाच्या अज्ञानामुळे, आळसामुळे किंवा काटकसरीमुळे.

हे ज्ञान आपल्याकडे नाही काय? आहे, आणि चांगले आहे. तेलसाठ्यांचा अभ्यास करणारी ओएनजीसीची संस्था अहमदाबादेत आहे. तेल-वायू उत्पादनाच्या तंत्रज्ञानाची संस्था तर आपल्या पनवेललाच आहे. गुजरातेत मेहसाणा परिसरातील बलोल आणि संथाल येथे तेल इतके दाट की नैसर्गिक रीतीने त्याचा दहा-पंधरा टक्के भागच वर यावा. नव्वदच्या दशकात ओएनजीसीने तेथे जमिनीखाली हवा भरून थोडे तेल मुद्दाम जाळण्याची आणि त्या उष्णतेने उरलेले पातळ करून पुढे ढकलण्याची पद्धत राबविली. तेलाचा हिस्सा चाळीस टक्क्यांच्या आसपास नेण्याचे उद्दिष्ट ठेवून चाललेला हा प्रयोग जगभरच्या तज्ज्ञांनी अभ्यासला. मुंबई हायमध्येही २००० नंतर पुनर्विकासाचे टप्पे हाती घेऊन, जुन्या विहिरींना आडव्या शाखा काढून आपल्या अभियंत्यांनीच घसरण बरीच थोपविली. पण पिकते तेथे विकत नाही. बलोल हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

शिवाय उपचाराला पैसा लागतो. २००३-०४ पासून दशकभराहून अधिक काळ ओएनजीसीच्या मिळकतीतून स्वस्त इंधनाच्या अनुदानाचा बोजा उचलला गेला. पुढे जानेवारी २०१८ मध्ये निर्गुंतवणुकीचे लक्ष्य गाठण्यासाठी याच कंपनीला ३६,९१५ कोटी रुपये मोजून हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा हिस्सा विकत घ्यायला लावले. सरकार आपले असले, तरी चूक ती चूकच. दुभत्या गाईला पेंड न घालता तिच्या दुधावर साऱ्या घरादाराचे लग्नखर्च भागवायचे आणि दूध आटले की गाईला दोष द्यायचा, ही रीत शेतकऱ्याच्या घरची नव्हे.

पाणाड्या की गुरू?

या पार्श्वभूमीवर २०२४-२५ मध्ये घडलेल्या घडामोडीकडे पाहिले पाहिजे. मुंबई हायचे उत्पादन वाढविण्यासाठी ओएनजीसीने जून २०२४ मध्ये जागतिक तांत्रिक सेवा पुरवठादारासाठी निविदा काढली. अट अशी की, वार्षिक उलाढाल किमान ७५ अब्ज डॉलर हवी. शेल आणि बीपी या दोघांनीच बोली लावली आणि जानेवारी २०२५ मध्ये बीपीची निवड झाली. दहा वर्षांत आधाररेषेच्या तुलनेत तेल आणि वायूचे उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढविता येईल, असे या कंपनीने सूचित केले आहे. पहिली दोन वर्षे ठरीव शुल्क, नंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नात वाटा, असा मोबदला ठरला.

बीपी म्हणजे कोण? १९०९ ची अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी. तिची जननी बर्मा ऑइल कंपनी, आणि बर्मा ऑइल हीच आपल्याकडील बर्मा-शेलची एक भागीदार. इराणने १९५१ मध्ये आपल्या तेलाचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटन आणि अमेरिकेने १९५३ मध्ये तेथील मोसद्दिक सरकार उलथविले, ते याच कंपनीच्या मक्तेदारीवरून. इतिहास कायमचा वैरी नसतो, पण तो विसरणारा मूर्ख ठरतो. भारताच्या किनाऱ्यावर टोपीकरांना किती थारा द्यावा, याविषयी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात तीनशे वर्षांपूर्वी सावध केलेलेच आहे.

निष्पक्षपणे सांगायचे, तर हा करार १९९४ सारखा नाही. क्षेत्राची मालकी आणि कारभार ओएनजीसीकडेच आहे. तेव्हा परकीय आले म्हणून छाती पिटण्याचे कारण नाही. आमचे प्रश्न वेगळे आहेत. विद्येची पात्रता उलाढालीच्या डॉलरवरून का ठरवावी? जुन्या विहिरींचे कौशल्य असलेल्या लहान, होतकरू भारतीय कंपन्यांना आणि आपल्या आयआयटींना या कामात स्थान कोणते? पन्नास वर्षांत जमविलेली विहिरींची मोजमापे परक्या संगणकांवर गेल्यावर त्यांवर अंकुश कोणाचा? आणि दहा वर्षांनी करार संपेल, तेव्हा आपले अभियंते ते काम स्वबळावर करू शकतील काय, की पुन्हा नवी निविदा?

मोठे नाव म्हणजे हमखास यश, हेही खरे नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ या गटात याच कंपनीने २०११ मध्ये ३० टक्के भागीदारी घेतली. तेथील डी-१ आणि डी-३ या मुख्य क्षेत्रांची घसरण तेव्हा सुरू झालेली होती. ती थांबली नाही आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती क्षेत्रे बंद झाली. त्याच गटात डिसेंबर २०२० पासून नव्या खोल समुद्रातील क्षेत्रांचा वायू सुरू झाला, हेही तितकेच खरे. म्हणजे त्यांच्यापाशी विद्या आहे, जादू नाही. पाणाड्यासमोर हात जोडायचे असतात. गुरूकडून विद्या शिकून घ्यायची असते. आपण यांतले काय करणार आहोत?

स्वस्ताईचा भ्रम

काही अर्थतज्ज्ञ म्हणतील, जुन्या विहिरींवर एवढा खटाटोप कशाला? बाजारात तेल मिळते, जेथे स्वस्त तेथून घ्यावे. या युक्तिवादाला घटनांनीच उत्तर दिले आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटले आणि तेल शंभर डॉलरच्या वर गेले. भारताने राष्ट्रहित पाहून रशियाचे तेल घेतले, तर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच कारणासाठी आपल्या मालावर २५ टक्क्यांचा जादा कर लादला. १९६० मध्ये कंपन्यांनी जे केले, तेच २०२५ मध्ये एका महासत्तेने केले. भारताने कोणाचे तेल घ्यावे, हे दुसऱ्याने ठरवायचे! आपण दरवर्षी २३ कोटी टनांहून अधिक कच्चे तेल आणतो आणि त्यापोटी सव्वाशे अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाहेर जाते. कळंबच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरमध्ये ओतलेल्या डिझेलचा बहुतांश पैसा सीमेपार जातो.

मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आयातीवरील अवलंबित्व २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी घटविण्याचे आवाहन केले होते. तेव्हा ते ७७ टक्क्यांच्या आसपास होते. २०२४-२५ मध्ये ते ८८ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. संकल्प उदात्त होता, यंत्रणेने तो फाइलीत बांधून ठेवला. घरचे उत्पादन पस्तीस वर्षांपूर्वीच्या पातळीखाली, सुमारे २.९ कोटी टनांवर आले आणि वापर मात्र तेव्हापासून चौपटीहून अधिक वाढला. मुंबई हायच्या जुन्या विहिरी ही सगळी दरी भरून काढतील, असा आमचा दावा नाही. पण घरातले गळते भांडे न सांधता शेजाऱ्याकडे वाटी घेऊन जाणे, याला व्यवहार म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा. तेलाचे युग संपत आले, आता सूर्य, वारा आणि इथेनॉल. सौरपंपांचे स्वागतच आहे आणि धाराशिवच्या माळांवर पवनचक्क्याही फिरत आहेत. पण इथेनॉलसाठी ऊस लागतो आणि उसाला पाणी. दर दोन-तीन वर्षांनी टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने देशाच्या गाड्यांसाठी किती ऊस पिकवावा, हे वातानुकूलित दालनात बसून ठरवू नये. नव्या ऊर्जेचे युग येईपर्यंतची वीस-पंचवीस वर्षे तेलावाचून जाणार नाहीत. ती वर्षे परावलंबी होऊन काढायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

पाते फिरंगी, मूठ आपली

पंडित दीनदयाळ उपाध्याय आणि दत्तोपंत ठेंगडी यांनी मांडलेली स्वदेशी म्हणजे कुंपण घालून बसणे नव्हे. आपले ते युगानुकूल करावे आणि परक्याचे घ्यावयाचे ते देशानुकूल करून घ्यावे, असा तिचा आशय आहे. लोकमान्यांच्या काळात पैसाफंडाच्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. तो उभारला परदेशी काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी, आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी देशात काचधंदा पसरविला. विद्या बाहेरून आली, पण येथे रुजली. मराठ्यांच्या तलवारींची पाती अनेकदा युरोपातून आलेली असत, म्हणूनच त्यांना फिरंग म्हणत. पण मूठ येथल्या कारागिराने येथल्या हाताच्या मापाने घडविलेली असे. पाते कोठलेही असो, मूठ आणि मनगट आपले हवे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तेलक्षेत्रातील बंद आणि आजारी विहिरींची संख्या, त्यांच्या चाचण्या आणि उपचारांचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. साठ्याच्या अभ्यासकांनी ठरविलेल्या मर्यादेपलीकडे उपसा करण्याचा आदेश कोणत्याही मंत्र्याला देता येऊ नये. ओएनजीसीच्या नफ्याचा ठरावीक भाग जुन्या विहिरींच्या उपचारांसाठीच राखून ठेवावा आणि तो दुसऱ्या कामाला वळविण्यास कायद्याने बंदी असावी. परकीय सेवा पुरवठादाराच्या प्रत्येक गटात पनवेल आणि अहमदाबादच्या संस्थांतील तरुण अभियंते बरोबरीच्या जागी बसावेत आणि करार संपताना सर्व गणिती प्रतिकृती व मोजमापे भारतात राहावीत. आणि निविदेत उलाढालीऐवजी जुन्या विहिरी जगविल्याचा अनुभव पाहावा.

मराठवाड्यातील हुशार मुले अभियांत्रिकीची पदवी घेऊन संगणकाच्या नोकऱ्यांसाठी पुणे-बंगळुरूकडे धावतात. त्यांतील काहींनी तरी भूगर्भशास्त्र आणि तेल-अभियांत्रिकीकडे वळावे. आटत्या विहिरीच्या कडेला ज्यांचे बालपण गेले, त्यांना विहिरीचे मन शिकवावे लागत नाही. पालकांनी आणि आपल्या शाखांतील कार्यकर्त्यांनी हा विषय घराघरांत बोलावा. अरबी समुद्राच्या तळाशी आपल्या मालकीचे तेल अजून आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे तर सारेच जाणतात. तहानेने जीव कासावीस झाला असताना खणलेली विहीर गाळात बुडू देऊ नये, एवढे शहाणपण तरी या राष्ट्राने आता दाखवावे.